इंची पान्यांची परभणी

"इसमें ग्रीस कौन मारा?"

उस्तादांचा पहिला प्रश्न हा. हैदराबादहून टेम्पोत घालून आणलेली गाडी आम्ही नुकतीच जिंतूर रोडवरच्या त्यांच्या शेडपुढे उतरवली होती. आधी ते इंजिन चालू करून ऐकतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडल्या, गाडीचं अख्खं नाक पुढे कलंडवलं, डाव्या चाकापाशी उकिडवे बसले आणि चाकामागच्या एका पितळी तुकड्यावरून बोट फिरवलं. बोटाला काळं, वाळून खडा झालेलं ग्रीस आलं.

त्या तुकड्याला ट्रनियन म्हणतात. पुढचं चाक ज्या उभ्या पोलादी दांड्यावर वळतं, त्याचं खालचं टोक आट्यांनी ह्या पितळेत बसवलेलं असतं. त्या आट्यांना गिअरचं जाड तेल लागतं. ग्रीस भरलं तर ते तोंडाशीच सुकतं, आट्यांपर्यंत पोचत नाही. पावसाचं पाणी मात्र पोचतं. दांडा आतून गंजत जातो आणि एखाद्या दिवशी वळणावर तुटतो. मग चाक गाडीखाली मुडपतं. "नव्वद नंबर का तेल, सर. और कुछ नक्को," उस्ताद म्हणाले आणि पाने काढायला आत गेले.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर हातात आलेल्या पैशातून मी १९६५ची, दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड घेतली. लहानपणी आमच्या गल्लीत एका डॉक्टरांकडे अशी गाडी होती. आम्ही पोरं तिला 'स्पोर्ट गाडी' म्हणायचो. मागे पंखांसारखे कंगोरे, पुढे मगरीसारखं उघडणारं नाक, आणि पंचवीस फुटांच्या वर्तुळात गर्रकन वळणारी चाकं. गल्लीच्या तोंडाशी ती एका दमात वळायची, तेव्हा उर्सातल्या मौत का कुआँपेक्षा आम्हाला तीच थरारक वाटायची.

पुढे वाचताना कळलं, की पोरांचं म्हणणं फार चुकीचं नव्हतं. इंग्लंडमध्ये १९५९ साली ट्रायम्फ हेरल्ड निघाली. तिचा आकार इटलीतल्या तुरीन शहरच्या जोव्हान्नी मिकेलोत्तींनी रेखाटला होता. तिचीच चासी आखूड करून १९६२ साली ट्रायम्फनं आपली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार उभी केली. पुढच्या चाकाचा जो दांडा उस्तादांनी बोटानं तपासला, त्याच घराण्याचा दांडा लोटस कंपनीनं आपल्या एलान गाडीला लावला. भारतात मद्रासजवळच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात १९६१पासून हेरल्ड तयार होऊ लागली. इंजिन फक्त ९४८ सीसीचं. पण ॲम्बॅसडर आणि फियाटच्या त्या काळात रस्त्यावर हीच एक तरुण दिसायची.

गाडी दुरुस्तीला लावली आणि मी रोज शेडमध्ये जाऊन बसू लागलो. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं, की समोर माझी गाडी दुरुस्त होत होतीच, पण मी तीस वर्षं शिकवलेल्या इतिहासात नसलेला माझ्याच जिल्ह्याचा एक इतिहासही तिथे उलगडत होता.

परभणीची यंत्राशी ओळख कापसानं करून दिली. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाड-हैदराबाद मीटरगेज रेल्वे गोदावरीच्या खोऱ्यातून आली. परभणी, मानवत, सेलू ही कापसाची गावं तिच्या आधारानं वाढली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, गावराणी कापसाच्या गाठी बाहेर जाऊ लागल्या. जिन चालायचं ते हंगामापुरतं, पण त्याचं दुखणं बारमाही. चामड्याच्या रुळांना खाचा पाडायच्या, सुऱ्यांना धार लावायची, झिजलेले बुश नवे करायचे. त्यासाठी लेथ आला, लेथबरोबर टर्नर आला, फिटर आला. उस्तादांचे वडील अशाच एका जिनात फिटर होते. पूर्णा जंक्शनला वाफेच्या इंजिनांचं शेड होतं. तिथल्या हातांना भट्टीचं आणि पोलादाचं काम ठाऊक होतं.

त्यानंतर रस्त्यावर चाकं आली. निजामाच्या राज्यात १९३२ साली सरकारी रेल्वेच्याच एका खात्यानं २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. त्यात स्कॉटलंडहून आलेल्या ॲल्बियन गाड्या होत्या. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६१ साली मराठवाड्याची परिवहन सेवा राज्याच्या एसटी महामंडळात मिसळली. ही वर्षं मी मुलांकडून घोकून घेतली होती. पण राज्य बदलताना डेपोतली बस थांबत नव्हती. हैदराबादच्या पाटीखाली जो माणूस तिचे ब्रेक लावायचा, तोच मुंबईच्या पाटीखालीही लावत होता, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही.

तिसरी लाट विहिरींवर आली. मोट गेली, किर्लोस्कर ऑइल इंजिन आलं. भर उन्हाळ्यात इंजिन बंद पडलं तर पीक जळतं, म्हणून मेकॅनिकला सायकलवर पान्यांची थैली टांगून रात्री-बेरात्री शेतात जावं लागे. मग जायकवाडी धरण आलं. १९६५ साली पैठणला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. डावा कालवा परभणी जिल्ह्यात येईपर्यंत त्याच्या कामावर जीपा आणि डंपर राबत होते. कालव्याचं पाणी आलं तसा ऊस आला आणि उसामागून ट्रॅक्टर.

हेरल्डची कथा माझ्या गावच्या कथेला जोडली जाते ती इथे.

गाडीचा पहिलाच नट सोडवताना उस्तादांच्या शागिर्दानं आपला नेहमीचा मिलिमीटरचा पाना लावला. तो घसरला. उस्तादांनी त्याचा हात धरला आणि कोपऱ्यातली जुनी लोखंडी पेटी उघडली. आत इंची पाने होते, अर्धा इंच, सात सोळांश, नऊ सोळांश. "ये मॅसी के पाने हैं," ते म्हणाले. मॅसी म्हणजे मॅसी फर्ग्युसन १०३५. मद्रासच्या टॅफे कंपनीचा हा ट्रॅक्टर आमच्या शिवारांत घरोघर दिसायचा. उस्तादांनी उमेदीची वर्षं त्याच्याच दुरुस्तीत घालवली. ट्रॅक्टरचे पाने माझ्या गाडीला केसभरही न सरकता बसले.

हा योगायोग नव्हता. इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरातल्या स्टँडर्ड मोटर कंपनीनं दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ट्रायम्फ विकत घेतली, आणि १९४६पासून तीच कंपनी आपल्या बॅनर लेनच्या कारखान्यात हॅरी फर्ग्युसनसाठी ट्रॅक्टर बनवू लागली. त्या ट्रॅक्टरला बसलेल्या स्टँडर्डच्या इंजिनाचं जवळचं भावंड ट्रायम्फच्या टीआर-२ ह्या स्पोर्ट्स कारला बसलं. १९५९ साली ट्रॅक्टरचा धंदा मॅसी फर्ग्युसनकडे गेला आणि घराच्या वाटण्या झाल्या. पण आटे आणि माप तेच राहिले. एक शाखा मद्रासला ट्रॅक्टर होऊन आली, दुसरी मद्रासलाच हेरल्ड होऊन आली. कॉव्हेंट्रीत एकाच घराण्यात वाढलेल्या दोन यंत्रांची गाठ परभणीत, जिंतूर रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पडली. ती पडली, कारण एका माणसानं चाळीस वर्षं जुने पाने भंगारात घातले नव्हते.

दुरुस्तीला साडेचार महिने लागले. हेरल्ड उघडायला सोपी आहे. तिचा सांगाडा वेगळा आणि वरचा पत्रा तुकड्यातुकड्यांनी बोल्टवर बसवलेला. हीसुद्धा अडचणीतून निघालेली वाट. स्टँडर्डला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ साली प्रतिस्पर्धी बीएमसीनं घेतली, अखंड बॉडी मिळेनाशी झाली, म्हणून हेरल्ड वेगळ्या चासीवर तुकडे जोडून रचली गेली. कॉव्हेंट्रीतल्या त्या टंचाईचा फायदा साठहून अधिक वर्षांनी आम्हाला झाला. सांगाड्याचे बाजूचे हात गंजले होते, ते कापून नवे वेल्ड करताना वरच्या पत्र्याला धक्कासुद्धा लागला नाही.

इंजिन सुरू करण्याआधी उस्तादांनी मला क्लच दाबून धरायला सांगितला आणि स्वतः पुढच्या पुलीवर नजर लावली. पुली पुढे सरकली. क्रँकशाफ्टला जागेवर धरणाऱ्या दोन अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर ह्या इंजिनात झिजतात. फार झिजल्या तर निसटून ऑइलच्या टाकीत पडतात आणि मग शाफ्ट ब्लॉकलाच खातो. आमच्या वॉशर झिजल्या होत्या, पण जागेवर होत्या. जाड मापाच्या नव्या बसवल्या. सिलिंडर हेड काढलं, तेव्हा एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल रुतलेले दिसले. जुन्या पेट्रोलमधलं शिसं त्या बैठकी राखायचं. २००० साली ते देशभर बंद झालं, हवेसाठी ते चांगलंच झालं, पण जुन्या हेडमध्ये कठीण पोलादाच्या नव्या बैठकी बसवणं भाग पडलं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. त्यानं जुनं रबर फुगतं, म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत प्रत्येक नळी आणि पंपाचा पडदा बदलला. ज्या कालव्यानं ऊस आणला, त्या उसाचंच इथेनॉल माझ्या गाडीच्या नळ्यांपर्यंत पोचलं होतं.

परभणीत कमी उंचीची गाडी चालवायची तर जमिनीला विचारावं लागतं. आमची काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर टाकलेला रस्ता तिच्याबरोबर उठतो आणि बसतो. सरळ दिसणाऱ्या डांबरावर लाटा असतात. हेरल्डची मागची दोन्ही चाकं आडव्या पाटा-स्प्रिंगवर एकेकटी हलतात. लाटेवरून वेगात गेलं, की चाक आत दुमडू पाहतं. उस्तादांनी पाट्यांना नव्यानं बाक चढवून घेतला आणि मला सांगितलं, "लहर दिखी तो ब्रेक पहले, मोडना बाद में." मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, पेट्रोल पंपातच उकळतं आणि गाडी थांबते. त्यावरचा उपाय त्यांनी वडिलांकडून घेतलेला, पंपावर ओलं फडकं. आम्ही पंप आणि इंजिन ह्यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड वॉशरही घातला, पण फडकं आणि पाण्याची बाटली डिकीत कायमची आहे.

मागच्या चाकांच्या ह्या रचनेवर उस्तादांच्या पिढीचा राग होता. ती आपल्या मेकॅनिकांना मानवली नाही. हेरल्डनंतर १९७२ साली स्टँडर्डनं गॅझेल आणली, तेव्हा ती रचना जाऊन मागे साधा, अखंड ॲक्सल आला. तुरीनला रेखाटलेली आणि कॉव्हेंट्रीत घडलेली गाडी भारतीय रस्त्याला आणि भारतीय मिस्त्रीला पटेल अशी बदलावी लागली. पुस्तकांत ह्याची एखादी ओळ सापडते. मला तो आमच्या शेडचा मोठा सन्मान वाटतो.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आमच्याकडे म्हणतात. ह्या म्हणीचे अर्थ जितकी तोंडं तितके ऐकले आहेत. माझा अर्थ मला ह्या साडेचार महिन्यांत मिळाला. आमच्या जिल्ह्यानं मोटार कधी बनवली नाही. इथे यंत्र आलं ते दुसरीकडे वापरून झाल्यावर, बहुधा थकलेलं. त्याला उभं करायचं, चालवायचं, पुन्हा उभं करायचं, हे काम इथल्या हातांनी चार पिढ्या केलं. जिनचा रूळ, बसचा ब्रेक, विहिरीवरचं इंजिन, ट्रॅक्टरचा क्लच, सगळं त्याच हातांतून गेलं. बनवणाऱ्यांचा इतिहास लिहिला जातो, कारण त्यांच्या नावाची पाटी कारखान्यावर असते. टिकवणाऱ्यांची पाटी नसते. मी इतिहासाचा शिक्षक, आणि ही उणीव मला निवृत्तीनंतर कळली, ह्याची मनाला बोच आहे.

हे हात आता थोडे उरले आहेत. शागीर्द लॅपटॉप लावून नव्या गाडीचा दोष शोधतो. त्याचं कसब खरं आहे आणि पोट त्यावरच भरतं. पण कान लावून टॅपेटचा आवाज ओळखणं, दोन बोटांच्या चिमटीत शाफ्टचा ढिलेपणा जोखणं, हे शिकायला समोर जुनं यंत्र लागतं. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली. त्यामुळे काही गाड्या वाचतील. त्या गाड्या समजणारा माणूस वाचावा, म्हणून मी शेडमध्ये वही घेऊन बसतो. उस्ताद सांगतात, मी लिहितो. कुठला नट कुठल्या मापाचा, कुठे कुठलं तेल, कुठला आवाज कशाचा. वही दीडशे पानांच्या पुढे गेली आहे.

पहिली मोठी फेरी आम्ही दोघांनी गंगाखेडपर्यंत काढली. गोदावरीच्या काठी गाडी थांबवली, उस्तादांनी उतरून आधी पुढच्या चाकांना हात लावला, दोन्ही ट्रनियन तेलानं ओलसर होते. घाटावर चहा घेतला आणि परतलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शागिर्दाला पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणायला सांगितला. ट्रकच्या टाकीवर पुढच्या ऑइल-बदलीचे किलोमीटर लिहितात, तसं बॉनेटच्या आतल्या बाजूला काहीतरी लिहा, असं मला म्हणाले, अक्षर तुमचं चांगलं आहे, सर. काय लिहायचं ते मी विचारलं नाही. मी लिहिलं: 'ट्रनियनला ग्रीस नको. ९० नंबरचं तेल.' खाली गाव घातलं, परभणी. त्याखाली मी त्यांचं नाव घातलं. ते नको म्हणत होते. ही गाडी माझ्यानंतर ज्याच्या हाती जाईल, त्यानं बॉनेट उघडताच ते आधी वाचावं.