टप्प्याटप्प्याचा प्रवास

कोल्हापूरहून पश्चिमेला सुमारे ५५ किलोमीटरवर सह्याद्रीच्या माथ्याशी गगनबावडा आहे. इथून कोकणात दोन घाट उतरतात, करूळचा आणि भुईबावड्याचा. या तालुक्यातल्या एखाद्या गावातून कोणी अमेरिकेला निघाला, तर त्याचा प्रवास असा होतो : एस.टी.ने कोल्हापूर, तिथून मिळेल त्या वाहनाने मुंबई, मुंबईहून विमानाने आखातातले किंवा युरोपातले एखादे शहर, आणि तिथून दुसऱ्या विमानाने न्यूयॉर्क. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारे विमानही असते. पण इकॉनॉमी वर्गाचे स्वस्तातले तिकीट शोधले की बहुतेक वेळा मधे उतरून विमान बदलण्याचेच मिळते.

यात एक कोडे आहे. थेट मार्ग जवळचा आणि वाकडा मार्ग लांबचा. मग लांबचा मार्ग स्वस्त कसा? विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर विचारावा. उत्तर मात्र विमानापासून सुरू करू नये. प्रवास मधेच मोडून वाहन बदलावे लागणे ही गोष्ट विमानापेक्षा फार जुनी आहे, आणि तिची कारणे काळानुसार बदलत गेली आहेत.

वाट बदलते म्हणून

पहिले कारण उघड आहे. पाण्यावरचे वाहन जमिनीवर चालत नाही आणि सपाटीवरचे वाहन घाट चढत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्ग, तिथून खाडीने आत आले की खारेपाटण, आणि खारेपाटणहून सह्याद्री चढला की गगनबावडा. मोठ्या गलबतांतला माल छोट्या मचव्यांत, मचव्यांतला माल बैलांच्या पाठीवर आणि घाटमाथ्यावर आल्यावर पुढच्या वाहनात, अशी ही साखळी होती. खारेपाटणला सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा ताम्रपट प्रसिद्ध आहे. परदेशांहून येणाऱ्या प्रत्येक गलबतावर एक सुवर्ण गद्याण कर घ्यावा, असे त्यात नमूद आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही या वाटेच्या पायथ्याशी दूर देशांतून माल येत होता. जिथे माल उतरतो तिथे कर बसतो, वखारी उभ्या राहतात, वस्ती वाढते. गगनबावडा पुढे पंत अमात्यांच्या जहागिरीचे ठिकाण झाले. घाटाचे तोंड ज्याच्या हाती त्याच्या हाती ये-जा, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान.

इंधन संपते म्हणून

दुसरे कारण अधिक रंजक आहे, आणि त्यात गणित आहे. कोणतेही वाहन मालाबरोबर स्वतःचे इंधनही वाहते. बैलाचे उदाहरण घेऊ. समजा एक बैल पाठीवर १२० किलो ओझे नेतो आणि रोज ६ किलो वैरण खातो. वाटेत चारा मिळत नसेल तर दहा दिवसांच्या प्रवासासाठी ६० किलो वैरण त्याच्याच पाठीवर घालावी लागेल, म्हणजे माल उरला ६० किलो. वीस दिवसांचा प्रवास असेल तर १२० किलो वैरणच होईल आणि मालाला जागाच राहणार नाही! पण दर पाच दिवसांनी चारा मिळण्याची सोय असेल, तर एका वेळी ३० किलो वैरण पुरते आणि माल ९० किलो नेता येतो, मग प्रवास दहा दिवसांचा असो की वीस. वंजाऱ्यांचे तांडे हजारो बैल घेऊन देशभर फिरू शकले ते यामुळेच. बैल वाटेवरच चरत, त्यामुळे पाठीवर फक्त माल असे.

वाफेचे जहाज आले तेव्हा हेच गणित समुद्रात उतरले. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझला निघाली. तिच्यात साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी रचना होती आणि एडनपर्यंतचा प्रवास अकरा दिवसांचा होता. तेव्हा खोल्यांत, दिवाणखान्यात, डेकवर, जिथे जागा दिसेल तिथे कोळसा भरला. एडनला पोहोचली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता. वाटेतल्या बंदरांवर कोळसा आधीच नेऊन ठेवला होता, तो भरत भरत ती सुएझला गेली. एकूण ३३ दिवस लागले, त्यांतले सुमारे बारा दिवस केवळ कोळसा भरण्यात गेले. पुढे १८३९ साली इंग्रजांनी एडन ताब्यात घेतले, त्याच्या कारणांत कोळशाचे ठाणे हवे होते हेही एक होते. बैलाच्या चाऱ्याचा प्रश्न कोळशाच्या रूपाने साम्राज्याच्या नकाशापर्यंत पोहोचला तो असा.

या टप्प्यांवरूनच आपली माणसे दूरदेशी गेली. डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या, इंग्लंडहून दुसऱ्या आगबोटीने पुढे गेल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने लागले. शिक्षण पुरे करून १८८६ साली त्या परतल्या तेव्हा कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. पण आजार बळावला आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. क्षयासारख्या दुखण्यात एवढा दीर्घ जलप्रवास म्हणजे काय, याची कल्पना आज करणेही कठीण आहे.

विमानाचे टप्पे

सुरुवातीची विमाने याहून वेगळी नव्हती. १९२९ साली लंडन ते कराची ही हवाई सेवा सुरू झाली. पण तीत लंडनहून बासेलपर्यंत विमान, बासेलहून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, तिथून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान आणि पुढे कराचीपर्यंत पुन्हा साधे विमान, असा प्रकार होता. आठवडाभराचा हा प्रवास. कराचीला आलेली टपाल पुढे नेण्यासाठी जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत विमान आणले. अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून! नव्या वाहनाला जुन्या वाहनाने चारा पुरवला, असे म्हणायला हरकत नाही.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत मुंबईहून लंडनला गेले. जाहिरातीत भाडे १,७२० रुपये होते. त्या काळी ही रक्कम सामान्य पगारदाराच्या आवाक्यापलीकडची होती. विमानात सर्वांसाठी एकच, महागडा वर्ग असे. स्वस्त वर्ग आला तो अटलांटिक महासागरावर : १९५२ साली ‘टुरिस्ट’ वर्ग आणि १९५८ साली ‘इकॉनॉमी’ वर्ग. भाडी कंपन्यांनी परस्परांत ठरवलेली असल्याने स्पर्धा उरली होती ती खाण्यापिण्यात. इकॉनॉमी वर्गाला फक्त थंड सँडविच द्यावे असा नियम होता. काही कंपन्यांनी पावावर इतके पदार्थ रचले की सँडविच म्हणजे नेमके काय, यावर आंतरराष्ट्रीय वाद झाला! त्याच वर्षी अटलांटिकवर जेट विमानांची सेवा सुरू झाली. एअर इंडियाचे बोइंग ७०७ हे जेट १९६० साली न्यूयॉर्कला पोहोचले, तेही टप्पे घेतच.

इंधन वाहण्याचे इंधन

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. एअर इंडियाने ते न थांबता पार करणारी सेवा २००७ साली बोइंग ७७७ जातीच्या लांब पल्ल्याच्या विमानाने सुरू केली. या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ३४७ टन. टाक्या पूर्ण भरल्या तर त्यांतले सुमारे १४५ टन नुसते इंधनच. त्यात २३८ प्रवासी बसत. प्रत्येकी सामानासह १०० किलो धरले तर प्रवाशांचे वजन २४ टनही होत नाही. म्हणजे माणसांच्या सहापट इंधन!

बैलाची भूक ओझ्यानुसार फारशी बदलत नाही. विमानाची मात्र बदलते. जड विमानाला हवेत तोलून धरायला जास्त इंधन लागते. ढोबळ हिशेब असा की, जादा वाहिलेल्या इंधनापैकी दर तासाला तीन ते चार टक्के ते वाहण्यातच जळते. साडेतीन टक्के धरून वर्गात उदाहरण करून घ्यावे. १,००० किलो जादा इंधन घेऊन निघालो तर पहिल्या तासानंतर ९६५ किलो उरेल, दुसऱ्या तासानंतर ९३१ किलो. पंधरा तासांनंतर उरेल सुमारे ५८६ किलो. चक्रवाढ व्याजाचेच सूत्र, फक्त उलट्या दिशेने. म्हणून फार लांबचे अंतर मधे थांबून, निम्मे निम्मे इंधन भरून गेले तर एकूण इंधन कमी लागू शकते. अर्थात थांब्यासाठी वाकडी वाट करावी लागली, तर पुन्हा उंची गाठण्यात आणि जादा अंतरात ही बचत सहज संपते.

माणसे जमवायची म्हणून

पण मुंबईहून दुबई दोन हजार किलोमीटरसुद्धा नाही. न्यूयॉर्कच्या वाटेवर तो काही मध्य नव्हे. मग तिथे उतरवतात ते कशासाठी? इथे तिसरे कारण येते, आणि ते समजायला गगनबावडाच बरा.

समजा घाटाखाली कोकणात पाच गावे आहेत आणि घाटावर पाच. खालच्या प्रत्येक गावातून वरच्या प्रत्येक गावाला रोज चार माणसे जातात. प्रत्येक जोडीसाठी थेट गाडी सोडली तर पाच गुणिले पाच, म्हणजे २५ गाड्या लागतील आणि प्रत्येक गाडीत चारच माणसे बसतील. आता सगळ्यांनी गगनबावड्याला गाडी बदलायची असे ठरवले तर? खालून पाच आणि वर पाच, अशा दहा गाड्या पुरतात आणि प्रत्येकीत वीस माणसे असतात. प्रवासी तेवढेच, पण गाड्या २५ च्या १० झाल्या. भाडे उतरले ते इथे.

दुबई, दोहा, फ्रँकफुर्ट ही शहरे हवेतली गगनबावडी आहेत. एका बाजूला भारतातली अनेक शहरे, दुसऱ्या बाजूला युरोप-अमेरिकेतली अनेक शहरे. १९८५ साली दुबईच्या एमिरेट्स कंपनीने उड्डाणे सुरू केली तेव्हा अगदी सुरुवातीच्या मार्गांत मुंबई होती, हा योगायोग नव्हे. विमानातली रिकामी खुर्ची पुढच्या दिवशी विकता येत नाही. उड्डाण झाले की तिची किंमत शून्य. ती भरण्यासाठीच वाकड्या वाटेचे तिकीट स्वस्त होते.

पहिल्या दोन कारणांत माणूस उतरत होता तो निसर्गाच्या किंवा यंत्राच्या मर्यादेमुळे. या तिसऱ्या कारणात तो उतरतो तो हिशेबासाठी. वाचलेले पैसे कंपनी आणि प्रवासी वाटून घेतात. मात्र रात्री-अपरात्री विमानतळावर काढलेले पाच-सहा तास एकट्या प्रवाशाच्या खात्यावर पडतात, आणि ते तिकिटावर छापलेले नसतात. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील तर पहिल्याला उशीर झाल्यास पुढची सोय साधारणपणे कंपनीला करावी लागते. स्वस्त म्हणून वेगवेगळी तिकिटे काढली तर ती जोखीमही प्रवाशाचीच.

शरीराचा हिशेब

इकॉनॉमीची खुर्ची साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटर रुंद असते आणि दोन ओळींतले अंतर ८० सेंटिमीटरच्या आसपास. आतल्या हवेचा दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तितका राखलेला असतो. आठ हजार फूट म्हणजे सुमारे २,४४० मीटर. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे प्रवासी बसल्या जागी कळसूबाईच्याही वर असतो. हवाही अतिशय कोरडी, आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली. पावसाळ्यात ज्यांचे कपडे आठवडाभर वाळत नाहीत त्या गगनबावडेकरांना हे निराळेच जग वाटेल.

तासन् तास न हलता बसल्याने पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. १९७७ साली या विकाराला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे नाव पडले. पण नाव फसवे आहे. १९४० साली लंडनमध्ये बाँबहल्ल्यांच्या वेळी निवाऱ्यात रात्रभर खुर्च्यांवर बसून राहिलेल्या लोकांत असे मृत्यू डॉ. कीथ सिम्प्सन यांनी नोंदवले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो, पण तो मुळात अल्प, साधारण सहा हजारांत एक असतो. आणि तो विमानापुरता नाही. बस, आगगाडी, मोटार, सगळीकडे आहे. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की ते शिरांतले रक्त वर ढकलतात, म्हणून अधूनमधून घोटे फिरवावेत, उठून चार पावले चालावे. ज्यांना आधी असा त्रास झाला आहे, ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्या गरोदर आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारून निघावे. या एका बाबतीत मधला टप्पा उपयोगाचा ठरतो, कारण तिथे चालावेच लागते.

वर्गात काय करता येईल?

विद्यार्थ्यांना त्यांच्या घरातल्या कोणाच्याही एका लांबच्या प्रवासाचा नकाशा काढायला सांगावे. मुंबईच्या गिरणीत गेलेले आजोबा चालतील, आखातात नोकरीला असलेला मामा चालेल. जिथे जिथे वाहन बदलले तिथे खूण करावी आणि तिच्यापुढे कारण लिहावे : वाट बदलली, इंधन संपले, की माणसे जमवायची होती? मग त्या ठिकाणी किती वेळ थांबावे लागले तेही लिहावे आणि सर्वांचे तास एकत्र मांडावेत. कारणे वेगळी केली की कोणता टप्पा टाळता येण्याजोगा आहे, हे मुलांना आपोआप दिसू लागेल. घाट हलवता येत नाही आणि इंधनाचे वजन नाहीसे करता येत नाही. गाड्यांच्या वेळा मात्र माणसांनीच ठरवलेल्या असतात. त्या नीट जुळवल्या तर निदान थांबण्याचे तास कमी होऊ शकतात. आपल्या तालुक्याच्या एस.टी. वेळापत्रकावर हा प्रयोग करून पाहिला तर तो आगारप्रमुखांनाही दाखवता येईल.