270 मीटरवरचा श्वास

कुंभिवलीकडच्या माणसाला पाण्याच्या दाबाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. घाटावरून खोपोलीच्या टाटा वीजघरात उतरणारे नळ 1915 पासून तिथे आहेत. पाचशे मीटरच्या आसपासचं उभं पाणी त्यांतून खाली कोसळतं आणि जनित्रं फिरवतं. त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त पाणी डोक्यावर घेऊन एक माणूस पाण्याने भरलेल्या एका विवरात कामाला गेला होता. काम करायला, हे महत्त्वाचं.

आपल्या सह्याद्रीत तसलं विवर सापडायचं नाही. बेसाल्ट पाण्यात विरघळत नाही; कोंढाण्याची लेणी माणसांनी छिन्नीने कोरली. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केपमधलं बुशमन्स होल मात्र डोलोमाइटमध्ये पाण्यानेच कोरलंय. वर एक लहानसं डबकं, अरुंद तोंड, आणि खाली एकदम उघडणारा अंधारा, प्रचंड दालनाएवढा पोकळ भाग.

17 डिसेंबर 1994
वीस वर्षांचा डायव्हर डिऑन ड्रेयर या विवरातून वर येताना नाहीसा झाला. यंत्र पाठवून शोध घेतला, हाती काही लागलं नाही.

23 ऑगस्ट 1996
डायव्हर नुनो गोमेझ याच विवरात 282.6 मीटरपर्यंत जाऊन जिवंत परतला. त्याच्याकडे ओपन सर्किट होतं, म्हणजे सिलिंडरमधून घ्यायचं आणि बुडबुड्यांतून सोडून द्यायचं. हिशेब करून पाहा. 270 मीटरवर दाब सुमारे 28 पट. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर श्वास घेणाऱ्याला तिथे 560 लिटर लागतात. 12 लिटरचा, 200 बार भरलेला सिलिंडर म्हणजे 2400 लिटर. चार मिनिटं आणि वर थोडं. त्यामुळे दोरीवर सिलिंडरांची रांग टांगून ठेवावी लागते, आणि एकही चुकवून चालत नाही.

रीब्रीदर यातून सुटका करतो. सोडलेला श्वास लूपमध्येच फिरतो, सोडा लाइम त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषतं, शरीराने खर्चलेला तेवढाच ऑक्सिजन आत सोडला जातो. खोली कितीही असो, शरीराचा खर्च मिनिटाला एक-दोन लिटरांचाच. ओपन सर्किट की रीब्रीदर, कागदावर हा वाद इथेच संपायला हवा. पण तो संपत नाही, कारण खोलवर वायू दाट होतो आणि लूपमधून त्याला फिरवतात ती फक्त तुमची फुप्फुसं.

28 ऑक्टोबर 2004
डेव्ह शॉ, ऑस्ट्रेलियन, हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकचा वैमानिक, रीब्रीदर लावून 270 मीटरवर पोचला आणि त्याला ड्रेयर दिसला. उचलायचा प्रयत्न केला. सिलिंडर गाळात रुतलेले, हलेनात. एवढ्यानेच शॉला धाप लागली. त्याने तिथे दोरी बांधली आणि तो वर आला.

माझ्या मते पुढचा सगळा घटनाक्रम त्या धापेत आहे. पण ती यशाच्या बातमीत हरवली. ड्रेयरच्या घरच्यांना देह वर आणण्याचा शब्द दिला गेला आणि तयारी सुरू झाली.

8 जानेवारी 2005, सकाळी सव्वासहाच्या सुमारास
शॉ पाण्यात उतरला. काठावर पोलिसांचं पथक, मदतनीस डायव्हर, दाब-उपचाराचा चेंबर. खाली पाच मिनिटं, पट्टे कापायचे, देह खास शिवलेल्या पिशवीत सरकवायचा. 220 मीटरवर त्याचा डायव्हिंगमधला जोडीदार डॉन शर्ली पिशवी ताब्यात घेईल, असा बेत होता.

बाराव्या मिनिटाच्या आसपास
शॉ तळाशी पोचला. पिशवीसाठी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून दिवा गाळावर ठेवला. एरवी गुहेतला डायव्हर त्याची केबल मानेवर टाकतो. हाडांचा सापळा सापडेल अशी सगळ्यांची अटकळ होती. प्रत्यक्षात चरबीचा साबणासारखा थर झालेला देह अजून शाबूत होता, आणि तरंगू लागला. तो पिशवीत जाईना. शॉ धडपडू लागला.

तेराव्या मिनिटाला
शर्ली ठरल्याप्रमाणे निघाला.

विसाव्या मिनिटाच्या पुढे
शॉच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यात श्वासांचा आवाज टिपला गेला. दोरी दिव्याच्या केबलमध्ये अडकली होती. श्वास जलद आणि उथळ होत गेले. दाट वायू हलवण्याच्या श्रमानेच कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो वाढला की आणखी श्वास हवासा वाटतो, आणि आणखी श्रम होतात. यातून सुटण्यासाठी ओपन सर्किटच्या बेलआउट, म्हणजे आणीबाणीच्या सिलिंडरवर जावं, हे शिकवलेलं असतं. पण त्या वायूने मेंदू भारला की ते सुचण्याची शक्यताच जाते. आणि तिथे तो सिलिंडर टिकणार किती, ते वर सांगितलंच आहे. पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास सगळं थांबलं.

शर्लीने वरून पाहिलं तर खाली एक दिवा, न हलणारा. शॉ वर येत असता तर प्रसरण पावणाऱ्या वायूचे बुडबुडे दिसले असते. तरी शर्ली खाली जात राहिला. 250 मीटरच्या सुमारास दाबाने त्याच्या रीब्रीदरचा नियंत्रक फुटला. आता ऑक्सिजन हाताने, अंदाज घेत सोडायचा. तो मागे वळला. शॉ परतणार नाही, एवढं त्याने पाटीवर लिहिलं. मदतनीस डायव्हरने ती वर नेली.

पुढचे बारा तास
वर येताना शर्लीच्या आतल्या कानात हेलियमचा बुडबुडा झाला. गरगर, उलट्या, आणि डीकम्प्रेशनचे थांबे सोडता येत नाहीत. मदतनीस आळीपाळीने खाली जात राहिले. शर्ली जिवंत बाहेर आला, थेट चेंबरमध्ये गेला. तोल कायमचा बिघडला.

इथे वादाच्या दोन्ही बाजू अडचणीत येतात. ज्याचं यंत्र मोडलं तो वाचला. ज्याचं चालू होतं तो गेला. डॉक्टरांनी 2007 साली या घटनेवर शोधनिबंध लिहिला, त्यात यंत्राऐवजी श्वसन निकामी झाल्याचं निदान आहे. आज तांत्रिक डायव्हिंगमध्ये वायूची घनता लिटरला 6.2 ग्रॅमच्या वर नेऊ नये असं सांगतात. शॉच्या लूपमधला वायू त्याच्या बराच पुढे होता.

ओपन सर्किटवाले यावर जिंकल्याचा आव आणतात, तोही फसवा. 2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेतून मुलांना काढताना ब्रिटिश डायव्हरांनी ओपन सर्किटच वापरलं.  पण तिथे खोली किरकोळ होती. अडचण लांबीची, गढूळपणाची आणि चिंचोळ्या वाटांची. त्या अनुभवातून 270 मीटरवरचा निकाल काढता येत नाही.

12 जानेवारी 2005
दोऱ्या आणि सामान ओढून काढताना दोघांचेही देह एकत्र वर आले. वीस मीटरच्या आसपास डायव्हरांना ते दिसले.

10 जून 2005
शॉला जाऊन पाच महिने झाले होते. गोमेझ दाहबला तांबड्या समुद्रात ओपन सर्किटने 318.25 मीटरवर गेला आणि परतला. शर्ली आजही डायव्हिंग शिकवतो, रीब्रीदरसुद्धा.