कॅम्पसमधला नेटवर्क प्रिंटर स्वतःच्या लॅपटॉपला कसा जोडायचा?

सबमिशनच्या आठवड्यात कॉलेजच्या गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांसमोर रांगा लागतात. ब्लॅक बुकच्या तीन-चार प्रती, प्रबंधाचा शेवटचा मसुदा, स्कॉलरशिपचा अर्ज, आधार कार्डाची प्रत असं सगळं पेनड्राइव्हवरून नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरून दुकानदाराच्या कम्प्युटरवर जातं. गंमत म्हणजे अनेक विद्यापीठांत आणि मोठ्या कॉलेजांत लायब्ररीत, विभागात, कम्प्युटर सेंटरमध्ये नेटवर्कवरचे प्रिंटर असतात. लॅबमधल्या कम्प्युटरवरून त्यांच्यावर प्रिंट निघतेही. पण स्वतःचा लॅपटॉप जोडायला गेलं की प्रिंटर यादीत दिसत नाही. दिसला तर पासवर्ड नाकारतो. पासवर्ड घेतला तर प्रिंट 'गेली' असं सांगतो आणि कागद काही बाहेर येत नाही.

अशा वेळी बहुतेकदा लॅपटॉपही बिघडलेला नसतो आणि प्रिंटरही. गडबड या दोघांच्या मधल्या साखळीत असते. ती साखळी एकदा समजली की जोडणी दहा मिनिटांचं काम आहे.

नेटवर्क प्रिंटर म्हणजे नेमकं काय?

घरचा प्रिंटर यूएसबी केबलने एकाच कम्प्युटरला जोडलेला असतो. नेटवर्क प्रिंटर मात्र कम्प्युटरसारखाच नेटवर्कवर स्वतंत्रपणे बसलेला असतो आणि त्याला स्वतःचा आयपी अ‍ॅड्रेस असतो. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे दोन रस्ते असतात. एक म्हणजे लॅपटॉपने थेट प्रिंटरशी बोलायचं. दुसरा म्हणजे मध्ये प्रिंट सर्व्हर ठेवायचा. सर्व्हर सगळ्यांच्या प्रिंट रांगेत लावतो, कोणी किती पानं काढली ते मोजतो आणि मग एकेक काम प्रिंटरकडे सोडतो.

कॅम्पसमध्ये सहसा दुसरा रस्ता वापरतात, कारण हजारो विद्यार्थी, मोजकेच प्रिंटर आणि प्रत्येक पानाचा हिशोब असं ते गणित असतं.

ही कल्पना आली कुठून?

नेटवर्क आणि प्रिंटर यांचं नातं जुनं आहे. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर घडवला. त्याच केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. केंद्रातले कम्प्युटर एकमेकांना आणि त्या महागड्या, वेगवान प्रिंटरला जोडायचे होते, ही त्यामागची एक मोठी गरज होती. थोडक्यात, आज ज्या केबलवर ऑफिसं चालतात, ती शोधण्यामागे 'एकच प्रिंटर सगळ्यांना वापरता यावा' हेही कारण होतं.

पुढचा किस्सा एमआयटीमधला. १९८० च्या सुमारास तिथल्या एआय लॅबला झेरॉक्सचा लेझर प्रिंटर मिळाला. तो वेगळ्या मजल्यावर होता आणि कागद वारंवार अडकायचा. लॅबमधले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून 'कागद अडकला' असा संदेश सगळ्यांना जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र त्यांना मिळाला नाही. या अनुभवाने मुक्त सॉफ्टवेअरच्या विचाराला धार आली, असं स्टॉलमन यांनी अनेकदा सांगितलं आहे. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली.

घरी प्रिंटर लगेच दिसतो, मग कॅम्पसमध्ये का नाही?

घरच्या वायफायवर लॅपटॉप 'इथे कोणी प्रिंटर आहे का?' अशी हाक मारतो आणि प्रिंटर ओ देतो. अ‍ॅपलने २०१० मध्ये आणलेलं एअरप्रिंट याच तत्त्वावर चालतं. पण ही हाक नेटवर्कच्या एका छोट्या भागापुरतीच पोहोचते. कॅम्पसचं नेटवर्क अनेक भागांत तोडलेलं असतं. विद्यार्थ्यांचं वायफाय एका भागात, विभागांची ऑफिसं दुसऱ्या, प्रिंटर तिसऱ्या. एका भागातली हाक दुसऱ्या भागात ऐकू जात नाही.

शिवाय अनेक ठिकाणी वायफायवरची उपकरणं एकमेकांना दिसूच नयेत अशी व्यवस्था असते, म्हणजे शेजारच्याच्या लॅपटॉपमधला व्हायरस तुमच्या लॅपटॉपमध्ये येत नाही. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवरून तर प्रिंटरकडे जाणारा रस्ता बहुधा बंदच असतो. म्हणून प्रिंटर आपोआप दिसेल याची वाट बघू नका, त्याचा पत्ता हाताने टाका.

आधी कोणती माहिती गोळा करायची?

कम्प्युटर सेंटरच्या वेबसाइटवर किंवा प्रिंटरवर चिकटवलेल्या कागदावर ही माहिती सहसा असते. नसेल तर लॅब असिस्टंटकडे पाच गोष्टी विचाराव्यात:

• कोणत्या वायफायवर असायला हवं? हॉस्टेलमधून किंवा घरून प्रिंट पाठवायची असेल, तर व्हीपीएन लागतं का?
• प्रिंट सर्व्हरचं नाव आणि त्यावरच्या प्रिंटरचं नेमकं नाव काय?
• सर्व्हर नसेल, तर प्रिंटरचा आयपी अ‍ॅड्रेस आणि प्रोटोकॉल कोणता?
• लॉगिन कोणतं? नुसता यूजरनेम चालतो की त्याआधी डोमेनचं नाव लागतं?
• प्रिंटरची कंपनी आणि मॉडेल कोणतं?

चौथा प्रश्न किरकोळ वाटतो, पण अनेकांची गाडी तिथेच अडते.

विंडोजवर जोडणी

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' आणि मग 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' मध्ये जा. 'अ‍ॅड डिव्हाइस' वर क्लिक केल्यावर विंडोज थोडा वेळ शोधाशोध करतं आणि मग हाताने जोडण्याचा पर्याय दाखवतं. तो निवडा.

सर्व्हर असेल, तर नावावरून शेअर्ड प्रिंटर निवडण्याचा पर्याय घ्या आणि पत्ता असा लिहा: \\सर्व्हरचं-नाव\प्रिंटरचं-नाव. सुरुवातीला दोन आणि मध्ये एक, अशा या उलट्या तिरप्या रेघा आहेत. वेबसाइटच्या पत्त्यातल्या सरळ तिरप्या रेघा इथे चालत नाहीत. लॉगिन विचारलं की 'डोमेन\यूजरनेम' या पद्धतीने टाका. डोमेन न टाकल्यास विंडोज तुमच्या लॅपटॉपवरच्याच खात्याचं नाव पुढे करतं. सर्व्हर त्या नावाला ओळखत नाही, आणि पासवर्ड बरोबर असूनही चूक दाखवतो.

सर्व्हर नसेल, तर आयपी अ‍ॅड्रेसचा पर्याय घेऊन पत्ता टाका आणि मॉडेलप्रमाणे ड्रायव्हर निवडा.

मॅकवर जोडणी

सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडून प्रिंटर जोडण्याचं बटण दाबा. पृथ्वीगोलाच्या चिन्हाखाली आयपी अ‍ॅड्रेस टाकण्याची जागा आहे. तिथे प्रोटोकॉल निवडावा लागतो. आयपीपी चालत असेल, तर तोच घ्या, कारण अलीकडच्या बहुतेक प्रिंटरना त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. एलपीडी हा जुना पर्याय अडीनडीला कामी येतो.

विंडोजच्या सर्व्हरवरचा प्रिंटर असेल, तर त्याच खिडकीच्या वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'अ‍ॅडव्हान्स्ड' चं चिन्ह पट्टीत आणावं लागतं. तिथे एसएमबीने सुरू होणारा सर्व्हरचा पत्ता देता येतो. शेवटच्या पायरीवर दोन्ही बाजूंनी छापण्याचा पर्याय दिसला, तर त्यावर खूण करायला विसरू नका. नाहीतर दीडशे पानांचा प्रबंध दीडशे कागदांवर येतो.

लिनक्सवर जोडणी

लिनक्सवर प्रिंटिंगचं काम कप्स ही प्रणाली सांभाळते. मायकेल स्वीट यांनी ती १९९९ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केली, आणि मॅकचं प्रिंटिंगही तिच्यावरच उभं आहे. उबुंटूसारख्या वितरणात सेटिंग्जमधल्या 'प्रिंटर्स' मध्ये पत्ता टाकला की बहुतेकदा काम होतं. अडलंच तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पोर्ट ६३१ असा पत्ता टाकून कप्सचं पान उघडता येतं. सर्व्हर विंडोजचा असेल, तर सांबाचा क्लायंट इन्स्टॉल असावा लागतो.

ड्रायव्हर टाकताना अ‍ॅडमिनची परवानगी का मागतात?

याचं उत्तर २०२१ मध्ये आहे. त्या वर्षी जूनच्या अखेरीस विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली एक मोठी त्रुटी जगासमोर आली. तिला 'प्रिंटनाइटमेअर' हे नाव पडलं. प्रिंटर ड्रायव्हर टाकण्याच्या सोयीचा गैरफायदा घेऊन दुसऱ्याच्या कम्प्युटरवर पूर्ण ताबा मिळवता येत होता. मायक्रोसॉफ्टने जुलैमध्ये तातडीचा अपडेट दिला. १० ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून सर्व्हरवरून ड्रायव्हर घेण्यासाठी अ‍ॅडमिनची परवानगी सक्तीची केली.

स्वतःचा लॅपटॉप असेल, तर सहसा तुम्हीच अ‍ॅडमिन असता, त्यामुळे परवानगी देता येते. संस्थेने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र आयटी विभागाकडे जावं लागतं. इथे एक धोका आहे. यूट्यूबवरचे काही व्हिडिओ रजिस्ट्रीत बदल करून ही अट काढून टाकायला सांगतात. त्याने प्रिंट निघेलही, पण ज्या फटीसाठी कुलूप लावलं, तीच फट पुन्हा उघडते. ड्रायव्हरही प्रिंटर कंपनीच्या किंवा संस्थेच्या वेबसाइटवरूनच घ्यावा.

प्रिंट पाठवली, पण आली नाही. का?

कार्ड दाखवायचं राहिलं. अनेक कॅम्पसवर प्रिंट सर्व्हरवरच थांबते. तुम्ही प्रिंटरपाशी जाऊन आयडी कार्ड टेकवलं किंवा पिन टाकला की मगच छापली जाते. ठरावीक मुदतीत कोणी आलं नाही, तर ती पुसली जाते.

पासवर्ड बदलला. ईमेलचा पासवर्ड बदलला की अनेकदा प्रिंटिंगचाही बदलतो, पण लॅपटॉप जुनाच पाठवत राहतो. विंडोजमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजरमधली आणि मॅकमध्ये कीचेनमधली जुनी नोंद काढून टाका. नाहीतर वारंवार चुकीचा पासवर्ड गेल्याने अख्खं खातं लॉक होऊ शकतं.

कागदाचा आकार चुकला. आपल्याकडे ए४ कागद चालतो, २१० बाय २९७ मिलिमीटरचा. अमेरिकेतला 'लेटर' थोडा रुंद पण आखूड असतो, २१६ बाय २७९ मिलिमीटर. फाइलची मांडणी लेटरवर राहिली, की प्रिंटर त्या आकाराचा कागद मागत थांबून राहतो. मागचे सगळे रांगेत अडकतात आणि दोष प्रिंटरवर जातो.

शिल्लक संपली. खात्यातला पानांचा कोटा संपला, की काही प्रणाली काहीही न सांगता काम रद्द करतात.

प्रिंट आली नाही म्हणून पाच वेळा बटण दाबू नका. अडथळा निघाला की पाचही प्रती बाहेर पडतात आणि पैसेही पाच प्रतींचे कापले जातात.

मराठी मजकुराची वेगळी काळजी

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. अनेकांच्या जुन्या फाइल श्रीलिपी, कृतिदेव किंवा सुरेखसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. असे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवतात. तो फॉन्ट नसलेल्या कम्प्युटरवर फाइल उघडली, की पानभर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. ब्राउझरमधून फाइल अपलोड करून प्रिंट देण्याची सोय असेल, तर हा धोका जास्त, कारण तिथे फाइल सर्व्हर उघडतो आणि त्याच्याकडे तुमचा फॉन्ट असेलच असं नाही.

उपाय सोपा आहे. वर्डची फाइल तशीच पाठवू नका. आधी स्वतःच्या लॅपटॉपवर तिची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधला जातो. पीडीएफ उघडून जोडाक्षरं आणि रफार एकदा तपासा, आणि आधी एकच पान छापून बघा.

गोपनीयतेचं काय?

शेअर्ड प्रिंटरवर रांगेत फाइलचं नाव इतरांना दिसू शकतं. सर्व्हरवर कोणी, कधी, किती पानं काढली याचीही नोंद राहते. 'मार्गदर्शकांविरुद्ध तक्रार अंतिम' अशा नावाची फाइल विभागाच्या प्रिंटरवर पाठवण्याआधी निदान तिचं नाव बदलावं. ट्रेमध्ये पडलेले मेडिकल रिपोर्ट, गुणपत्रिका, बँकेचे कागद कोणीही उचलू शकतं. कार्ड टेकवून प्रिंट घेण्याची सोय असेल, तर तीच वापरावी.

संस्थांनाही धडा मिळालेला आहे. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या प्रिंटरमधून अचानक ज्यूद्वेषी पत्रकं बाहेर पडू लागली. ते प्रिंटर इंटरनेटवर उघडे होते आणि ९१०० या पोर्टवर आलेलं काहीही, कोणाचंही, न विचारता छापत होते. कॅम्पसचा प्रिंटर लॉगिन मागतो, व्हीपीएन मागतो, वेगळ्या नेटवर्कवर लपलेला असतो, त्याचं एक कारण हे आहे.

शेवटी काय लक्षात ठेवायचं?

योग्य वायफाय, नेमका पत्ता, डोमेनसह यूजरनेम, खात्रीचा ड्रायव्हर आणि ए४ ची पीडीएफ, एवढ्या पाच गोष्टी जुळल्या की जोडणी होते. ही जोडणी सत्राच्या सुरुवातीला, प्रिंटरपाशी गर्दी नसताना करून ठेवावी. सबमिशनच्या आदल्या रात्री कम्प्युटर सेंटर बंद असतं, आणि झेरॉक्सच्या दुकानाचं शटरही खाली आलेलं असतं.