मित्रसंख्या आणि विसरलेली नावे

९३,६३,५८४. या संख्येला निःशेष भाग देणाऱ्या सगळ्या लहान संख्यांची बेरीज केली तर ९४,३७,०५६ येते. या दुसऱ्या संख्येचे तसेच केले तर पुन्हा पहिली मिळते. अशा जोडीला मित्रसंख्या म्हणतात. २२० आणि २८४ ही सर्वांत लहान जोडी ग्रीकांना ठाऊक होती. २८४ चे विभाजक १, २, ४, ७१ आणि १४२. त्यांची बेरीज २२०.

गणिताच्या लोकप्रिय पुस्तकांत मोठी जोडी देकार्तच्या नावावर सापडते, साल १६३८. मधली जोडी, १७,२९६ आणि १८,४१६, फर्माच्या नावावर, साल १६३६. मला या दोघांच्या थोरवीबद्दल शंका नाही. पण त्यापूर्वीचे काय?

नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्रा याने अशा जोड्या शोधण्याचे सूत्र सिद्ध केले. ते उदाहरणानेच पाहू. ६४ आणि १२८ यांची तिप्पट करून १ वजा करा: १९१ आणि ३८३. दोघांत १ मिळवून गुणाकार करा, पुन्हा १ वजा करा: ७३,७२७. या तिन्ही मूळ संख्या असतील तर १२८ × १९१ × ३८३ आणि १२८ × ७३,७२७ हे मित्र ठरतात. त्या तशा आहेतच. पण ७३,७२७ मूळ आहे याची खात्री करायला २७१ पर्यंतच्या एकेका मूळ संख्येने भागून पाहावे लागते. हे काम हाताने करायचे!

मधली जोडी इराणच्या कमालुद्दीन अल-फारिसीने मांडली. त्याचा मृत्यू १३१९ च्या सुमाराचा. त्याने साबितचे सूत्र नव्या पद्धतीने सिद्धही केले. त्याच काळात मराकेशच्या इब्न अल-बन्नाकडेही ही जोडी दिसते. मोठी जोडी इराणी गणिती मुहम्मद बाकिर यझदीने शोधली. या सूत्राने आजवर एवढ्या तीनच जोड्या मिळाल्या आहेत.

आमच्याकडे अशी माहिती मिळाली की काहीजण लगेच छाती फुगवतात, "सगळे शोध मुसलमानांचेच." त्यांना मी सांगू इच्छितो की साबित मुसलमान नव्हता. तो हर्रानचा साबी होता, ग्रीक ग्रंथ अरबीत आणणारा. युक्लिडने पूर्ण संख्यांचा नियम दिला. मित्रसंख्यांचा राहिला होता, तो त्याने दिला. बगदादने त्याचा धर्म विचारून दार लावले नाही. अभिमान बाळगायचाच असेल तर त्या उघड्या दाराचा बाळगावा. आणि ज्यांना या इतिहासात अरबी-फारसी नावे खुपतात, त्यांनी गुणाकार स्वतः करून पाहावा. उत्तर कोणाच्याही हातून तेच येते.