पोस्ताचा पेला

दिवाळीच्या अनारशांसाठी खसखस मी दरवर्षी खारी बावलीतून आणतो. तिथून लाल किल्ला पायी गाठता येतो. ज्या बोंडातून ही खसखस निघते, त्याच बोंडाची भीती एका राजपुत्राने या किल्ल्यात भर दरबारात बोलून दाखवली होती.

जानेवारी १६६१. दारा शुकोहचा थोरला मुलगा सुलेमान गढवालातून पकडून आणलेला. त्याला औरंगजेबापुढे उभे केले, तेव्हा फ्रेंच वैद्य बर्नियर तिथे हजर होता. हातातल्या बेड्या सोनेरी दिसत होत्या, असे तो लिहितो. सुलेमानने काकाकडे एवढेच मागितले : पोस्त पाजणार असाल, तर आत्ताच मारून टाका. पाजणार नाही, असे वचन औरंगजेबाने दिले.

पोस्त म्हणजे अफूची बोंडे ठेचून रात्रभर भिजवलेले पाणी. सकाळी तो पेला संपवल्याशिवाय कैद्याला अन्न मिळत नसे. माणूस वाळतो, बुद्धी मंदावते, शेवटी गुंगीतच मरतो, असे बर्नियर सांगतो. त्यामागची मॉर्फिन, कोडीन ही अल्कलॉइडे त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. मॉर्फिन वेगळे काढले ते १८०५च्या सुमारास जर्मनीच्या सर्ट्युर्नरने. बोंड सुकले तरी ही द्रव्ये टरफलात उरतात आणि पाण्यात उतरतात. (बियांत ती जवळजवळ नसतात, अनारशांना धोका नाही.) मॉर्फिन वेदना दाबते, पण भूकही मारते, आतडी सुस्तावतात, श्वास मंद होतो. आणि सवय जडली, की ज्या पेल्याची धास्ती होती तोच कैदी मागू लागत असणार. मला यातले हेच सर्वांत क्रूर वाटते.

१६५९ मध्ये दाराची धिंड काढली, तेव्हा दिल्लीकर रस्त्यात रडले होते. पोस्ताने रक्त सांडत नाही, आणि वचन मोडल्याचा पुरावाही राहत नाही.

सुलेमान १६६२ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर कैदेत मेला. पोस्तानेच, असे बर्नियर ऐकीव म्हणून नोंदवतो. पण त्याच ओघात तो सुलेमानचा धाकटा भाऊ सिपिहर यालाही पोस्ताने मेलेला धरतो, आणि सिपिहरचे तर १६७३ मध्ये औरंगजेबाच्याच मुलीशी लग्न झाले! म्हणून दरबारात डोळ्यांनी पाहिलेल्या बर्नियरवर माझा भरवसा आहे, त्याच्या कानावर आलेल्या ग्वाल्हेरच्या बातमीवर तेवढा नाही. दिल्लीला मात्र ती बातमी खरी वाटली होती.

परवान्याने होणाऱ्या अफूच्या शेतीवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालय आज ग्वाल्हेरलाच आहे.