पत्रांपायी नाव बदललेलं गाव



गेल्या हिवाळ्यात आम्ही रेडिओवरून आमचा मोबाइल नंबर सांगितला होता. ‘दिवसभरात काय घडलं ते रात्री दोन ओळींत कळवत जा,’ असं म्हटलं होतं. तुम्ही कळवत गेलात. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या गटाचं कर्ज मंजूर झालं, कुणाच्या सुनेनं पहिल्यांदा ग्रामसभेत तोंड उघडलं. आम्ही ते वहीत उतरवून घ्यायचो आणि शुक्रवारी वाचून दाखवायचो. आमच्याही दिवसाच्या चार गोष्टी त्यात असायच्या.

पण त्याच नंबरावर आणखीही लोक कळवायला लागले. पाच मिनिटांत कर्ज. पंचवीस लाखांची लॉटरी. घरबसल्या काम, रोजचे तीन हजार. आज रात्री तुमची वीज कापणार, या नंबरावर लगेच बोला. स्वयंपाक करता करता, निंदणाला जाता जाता फोन वाजायचा, हात पुसून बघावं तर हेच. या ढिगाखाली देवळी तालुक्यातल्या एका ताईचा निरोप दबला. तिनं एवढंच विचारलं होतं, ‘कापूस विक्रीच्या नोंदणीची शेवटची तारीख कोणती?’ आम्हाला तो चौथ्या दिवशी दिसला. तारीख निघून गेली होती. तिनं खेड्यावरच्या व्यापाऱ्याला तो देईल त्या भावात कापूस दिला. ‘जाऊ द्या ताई, तुम्ही तरी काय काय बघाल,’ असं म्हणाली. आम्हाला मात्र ते सोडून देता येईना.

मग आम्ही विचार करू लागलो की आपल्या वर्धा जिल्ह्यात आधी कुणावर अशी डाकेची वेळ आली होती का. उत्तर आठ किलोमीटरवर होतं.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले. जमनालाल बजाज यांची मालगुजारी होती ती. गावाला धड रस्ता नव्हता, पोस्ट नव्हतं, तारघर नव्हतं. गांधीजींना एका साध्या खेड्यातच राहायचं होतं. पण देशभरातली पत्रं त्यांच्या मागे यायची राहिली नाहीत. ती वर्ध्यापर्यंत येत आणि पुढे कुणीतरी न्यावी लागत.

ते कुणीतरी म्हणजे महादेवभाई देसाई. १९१७ पासून ते गांधीजींचे चिटणीस होते. आज लोक आपलं रोजचं जगणं फोनवर लिहितात, तसं महादेवभाई रोजनिशीत लिहीत. बापू काय बोलले, कोण भेटायला आलं, काय खाल्लं, कशावर हसले. शिवाय ‘हरिजन’ साप्ताहिकासाठीही त्यांचं लेखन चाले. सेगावच्या सुरुवातीच्या काळात ते वर्ध्याला मगनवाडीत राहत. तिथून डाक घेऊन पायी सेगावला जायचं, दिवसभर पत्रांची उत्तरं, लेख, पाहुणे, आणि संध्याकाळी पायीच परत. रोजची सुमारे अकरा मैलांची चाल. वर्ध्याचा उन्हाळा आपल्याला कुणी सांगायला नको. गांधीजींच्या काटकसरीच्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकतो, आलेली पाकिटं उलटून त्यांच्या कोऱ्या बाजूवर ते लिहीत ही तर पाठच आहे. महादेवभाईंच्या पायांची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. १९३८ मध्ये त्यांची तब्येत ढासळली, रक्तदाब वाढला. १५ ऑगस्ट १९४२ ला पुण्यात आगाखान पॅलेसच्या कैदेत ते गेले तेव्हा वय होतं अवघं पन्नास.

त्या पत्रांत काय नसे? स्वराज्याचे प्रश्न असत, तसेच पोटदुखीचेही. आहार कोणता घ्यावा, मातीची पट्टी कशी ठेवावी, नवरा-बायकोचं पटत नाही, मुलगा ऐकत नाही. शिव्याही असत. आणि गांधीजी शक्यतो उत्तर देत. त्यांच्या समग्र लेखनाचे इंग्रजीत शंभर खंड झाले, त्यांत पत्रांचा वाटा फार मोठा आहे. राजकुमारी अमृत कौर याही सेगावात येऊन पत्रव्यवहाराचं काम बघत. याच पुढे स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या.

आता गंमत ऐका. सेगावची पत्रं शेगावला जायला लागली. बुलढाणा जिल्ह्यातलं गजानन महाराजांचं शेगाव, मुख्य रेल्वेमार्गावरचं, सगळ्यांना ठाऊक असलेलं. इंग्रजीत लिहिताना दोन नावांत एका अक्षराचा फरक. डाक वाट चुके, उशिरा येई. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदललं आणि सेगावचं सेवाग्राम झालं. ‘सेवेचं गाव’ हा अर्थ आपण भाषणांत सांगतो, तो खराच आहे. पण बदलायचं कारण चुकलेली डाक हे होतं. इतकं मोठं नाव एवढ्याशा अडचणीतून आलं, हे आम्हाला फार आवडलं.

पण सेवाग्रामला येणारं पत्र आणि आमच्या फोनवर येणारी लॉटरी एकच नव्हे. तिथं पत्र लिहिणारा माणूस खरा होता, त्याचं दुखणं खरं होतं, आणि कार्डाचे पैसे त्यानं स्वतः भरले होते. आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याची किंमत एक पैसा होती. एक पैसा का होईना, पण तेवढ्यानंही माणूस लिहिण्याआधी थोडा थांबतो. तिकीट न लावता पाठवलेलं पत्र बैरंग व्हायचं. आपल्या आया त्याला ‘नॉटपेड’ म्हणायच्या. पोस्टमन दारात उभा राहून दुप्पट पैसे मागायचा. नको असेल तर पत्र परत करता यायचं. फोनवरच्या या निरोपांना आम्ही आता बैरंग निरोप म्हणतो. पाठवणाऱ्याला जवळजवळ काहीच पडत नाही. भरतो आपण, आपल्या वेळानं. आणि पोस्टमनला परत पाठवायची सोय नाही.

नको असलेला निरोप ही काही मोबाइलचीच पैदास नाही. १८६४ मध्ये लंडनमध्ये काही मोठ्या लोकांच्या घरी संध्याकाळी तार आली. तार म्हटली की काळजात धस्स व्हायचं. उघडली, तर दातांच्या दवाखान्याची जाहिरात! १९३५ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर शहरात साखळीपत्रांची लाट आली. यादीतल्या पहिल्या माणसाला एक नाणं पाठवा, पत्राच्या नकला करून पुढे धाडा, तुम्ही श्रीमंत व्हाल. तिथलं पोस्ट त्या पत्रांखाली बुडायची वेळ आली.

आपल्याकडेही साखळीपत्रं होतीच. १९७५ ला ‘जय संतोषी माँ’ सिनेमा आला, शुक्रवारचे उपास घरोघरी सुरू झाले. देवाच्या नावाची ती कार्डं आमच्यातल्या वयस्क बायांनी पाहिलेली आहेत. इतकी कार्डं लिहून पाठवा, अमक्याला धन मिळालं. पाठवली नाहीत म्हणून तमक्याचा मुलगा गेला. खाली नाव नाही, गाव नाही. आमच्यातल्या एकीच्या सासूनं ती कार्डं लिहून घेतली होती, शाळेत जाणाऱ्या नातवाकडून, अंड्याच्या पैशांतून. श्रद्धा होती म्हणून नाही, भीती वाटली म्हणून. घरात लेकरं असली की बाई धोका पत्करत नाही, हे कार्ड लिहिणाऱ्याला बरोबर ठाऊक होतं. आज ‘वीज कापणार’ म्हणणाऱ्यालाही तेच ठाऊक आहे.

संगणकावरचा असा पहिला घाऊक निरोप १९७८ मध्ये अमेरिकेत एका विक्रेत्यानं सुमारे चारशे जणांना पाठवला, यंत्र विकण्यासाठी. लोक चिडले, पण यंत्रं खपली. तिथंच सगळं बिघडलं असं आमचं मत. पुढे अशा निरोपांना ‘स्पॅम’ नाव पडलं. ते मुळात डबाबंद मांसाचं नाव. एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमात हॉटेलातल्या प्रत्येक पदार्थात तेच घातलेलं असतं, त्यावरून. आपण म्हटलं असतं, सगळ्या भाज्यांत वांगंच!

आपल्या देशात नको असलेल्या फोनांविरुद्ध नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली. २०११ मध्ये तर ट्रायनं एका सिमवरून दिवसाला १०० संदेशांचीच मर्यादा घातली, आणि थोड्याच दिवसांत ती २०० केली. आजही १९०९ वर फोन करून जाहिराती बंद करता येतात, आणि तरीही आल्या तर सात दिवसांच्या आत तक्रार करता येते. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब, त्याच तासात फोन करायचा. लाज वाटून दोन दिवस गप्प बसलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. आम्ही १९०९ ला नोंदणी केली. कंपन्यांच्या जाहिराती बऱ्याच कमी झाल्या. भामटे मात्र नोंदणी बघून फोन करत नाहीत, ते येतातच.

नंबर बदलावा का, यावर गटात दोन बैठका झाल्या. सेवाग्रामनं नाव बदललं, आपण नंबर का बदलू नये, असं एकीचं म्हणणं. पण आमचा नंबर किती घरांच्या भिंतींवर खडूनं लिहिलेला आहे, तो कोण पुसत फिरणार? शेवटी नंबर तोच ठेवला. दोघींनी पाळी लावली: एक सकाळी, दुसरी दिवे लागल्यावर, सगळे निरोप शेवटपर्यंत बघतात. आणि तारखेचा, पैशाचा, दवाखान्याचा प्रश्न असेल तर निरोपाच्या सुरुवातीलाच आपल्या गावाचं नाव लिहा, म्हणजे नजरेतून सुटणार नाही.

देवळीकडच्या त्या ताईचा निरोप परवा पुन्हा आला. सुरुवातीला गावाचं नाव, आणि पुढे एवढंच: ‘यंदा नोंदणी कधी सुरू होते ते आधीच सांगून ठेवा.’ तिचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.