हुक्क्याची नळी

तामलवाडी हें सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. बिदरहि त्याच राज्यांतलें. जस्त व तांबें यांच्या मिश्र धातूंत चांदीची वेलबुट्टी बसवून काळे केलेले हुक्क्याचे घडे ही बिदरची ख्याति. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयांत ते आजहि पाहावयास मिळतात. परंतु जुन्या हुक्क्याचा घडा राहतो, नळी क्वचितच राहते. वेताची किंवा बोरूची ती नळी, वर कापड आणि रेशीम गुंडाळलेलें. धातूपुढें तिचें आयुष्य तें केवढें!

वस्तुतः मान नळीचाच मोठा होता. तामलवाडीच्या तालुक्यांतील नळदुर्गावर आदिलशाहीचा अंमल असतांना, १६०४ च्या सुमारास, अकबराचा वकील असद बेग विजापुराहून तंबाखू घेऊन आग्र्यास परतला. त्यानें लिहून ठेवलेल्या हकीकतींत तंबाखूपेक्षां नळीचेंच कौतुक अधिक आहे. ती तीन हात लांब, सुमात्रांतील अचीनची, सुकवून रंगविलेली. दोन्ही टोंकांस रत्नें व मिनाकाम, आणि ओठांशीं येमेनी अकीक. राजवैद्यानें विरोध केला, तरी बादशहानें कांहीं झुरके घेतले. गोडी मात्र लागली नाहीं. पुढें १६१७ त जहांगिरानें तंबाखूस बंदी केली. ती किती पाळली गेली, हें मागाहून घरोघर आलेले हुक्केच सांगतात!

धूर नळींतून जातां जातां निवतो आणि त्यांतील चिकट कीट आंतल्या बाजूस बसतो. म्हणून श्रीमंतांच्या घरीं हुक्काबरदार ठेवीत. पाणी बदलणें, नळी धुणें हें त्याचें काम. कुणब्याची मातीची चिलीम निखाऱ्यांत टाकली कीं आंतला कीट जळून जाई. वाड्यांतल्या रेशमी नळीस हा उपाय कोठून चालावा?

आज वाड्यांतून अशी एखादी नळी निघाली म्हणजे घरची मंडळी ती ऊन पाण्यांत भिजवितात. रेशमाचा रंग उतरतो, सरस विरघळतो, वेष्टण सुटतें. जरीवर चिंच घासली तर मुलामा जातो तो वेगळाच. शिवाय आंतला कीट ही निव्वळ घाण नव्हे. त्या नळींतून तंबाखू ओढली जाई कीं आणखी कांहीं, हें त्याच कीटावरून रसायनशास्त्र आज सांगूं शकतें. तेव्हां बाहेरची धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी, सुटलेला धागा कापूं नये, आंत गज घालूं नये. आणि नळी न दुमडतां स्वच्छ सुती कापडांत गुंडाळून कोरड्या जागीं ठेवावी.